हिरवा ठिपका काय सांगत नाही

आरेचे तबेले शेजारी असल्यामुळे गोचीड म्हणजे काय, हे जोगेश्वरीकरांना सांगायला नको. आज बोलायचं आहे ते तिच्या अमेरिकन बहिणीबद्दल. 'लोन स्टार' जातीची ही गोचीड चावल्यावर काही माणसांना पुढे मटण सोसत नाही. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, न्यू जर्सी ही तिची वस्ती, आणि तिथे आता आपल्या मुलाबाळांचीही वस्ती आहे.

बकरी, गाय, म्हैस, डुक्कर यांच्या शरीरात अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात ती नसते. गोचीड चावली की काहींचं शरीर या साखरेशी वैर धरतं. हे कळलं आडवाटेनं. सेटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात 76 पैकी 25 रुग्णांना जोराची रिअ‍ॅक्शन आली होती. औषध उंदराच्या पेशींत बनत होतं आणि त्यात हीच साखर होती. त्याच सुमारास संशोधक थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच गोचिडी चावल्या, आणि मेंढीचं मटण खाल्ल्यावर काही तासांनी त्यांच्या अंगावर गांधी उठल्या. खरी मेख आहे ती या 'काही तासांनी'मध्ये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी बहुधा मिनिटांत कळते, ही दोन ते सहा तासांनी. रात्री नऊला जेवलेला माणूस एक-दोन वाजता पोट धरून उठतो. मटणावर कोण संशय घेणार?

कोंबडी आणि मासे चालतात. मटण टाळणंही सोपं. अवघड आहे ते खाऊचं पाकीट.

आपल्याकडे 2001 पासून पाकिटावर हिरवी-तपकिरी खूण येऊ लागली. ती शाकाहारी माणसासाठी आहे, या रुग्णासाठी नाही. तपकिरी खूण नुसत्या अंड्यामुळेही येते, म्हणजे अंड्याचा केक त्याला कदाचित चालेल. उलट हिरव्या खुणेच्या काही चिप्सवर दुधाची भुकटी, व्हे असतं. बऱ्याच रुग्णांना दूध पचतं, काहींना अजिबात नाही. अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आहेत, मांस नाही.

तरीही हिरव्या खुणेची किंमत परदेशात गेल्यावर कळते. घटकांच्या यादीतले 471, 631 हे आकडे पाहा. हे पदार्थ वनस्पतीपासूनही होतात, प्राण्यांपासूनही. आपल्याकडे हिरवी खूण असेल तर त्यांचं प्राणिज मूळ वगळलं जातं. अमेरिकन पाकिटावर ती खूणच नाही. 'नॅचरल फ्लेव्हर' एवढे दोन शब्द, आणि आत काय, ते कंपनीला फोन करून विचारायचं. जेली, मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ.

व्हीगनची खूण दूधही वगळते, म्हणून ती अधिक कामाची. तिथेही कॅराजीनन, आकडा 407, पाहावा. ते लाल समुद्रशेवाळातून येतं, पण काही रुग्णांना त्याचाही त्रास होतो.

औषधांना तर हिरवी-तपकिरी खूण लागूच नाही. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचंच असतं; रुग्णाने डॉक्टरांना आणि औषधवाल्याला दोघांनाही सांगावं. निदान रक्ततपासणी आणि खाण्याचा इतिहास पाहून डॉक्टरच करतील; माझं व्याख्यान ऐकून घरी मटण बंद करू नका.

मुलांकडे खाऊ पाठवताना घटकांच्या यादीचा फोटो आधी पाठवा. आणि रात्री कुणाला धाप लागली, ओठ सुजले, तर पाकीट वाचत बसू नका, तडक दवाखाना गाठा.