पेन्शन कोणाची, रांग कोणाची



 आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकांच्या बॅगा आत्ताच भरलेल्या असतील, हे मला ठाऊक आहे. गाव सोडून जाणं कोकणाला नवं नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली; रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. मुलं चाकरमानी झाली, आई-वडील कलमं राखत मागे राहिले.

उरलेला महाराष्ट्रही आता म्हातारा होणार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ होता, पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला तो २.१ लागतो. मुली शिकल्या, बाळं जगू लागली म्हणून हे झालं, आणि मला त्याचा आनंदच आहे. काळजी वेगाची आहे. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला शंभराहून जास्त वर्षं लागली. तेवढ्या काळात तिथे कारखाने उभे राहिले, विमा आला, पेन्शन आली. एवढी सवड आपल्याला मिळणार नाही.

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले आणि आठवड्याभरात सरकारला आश्वासन द्यावं लागलं. म्हातारपणाची हमी मागण्यात मला काही गैर दिसत नाही. पण जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या खळ्यावर भात झोडलं, तिने कुठे संप करायचा? राज्याने २०२३ मध्ये निराधार वृद्धांची मदत महिना १५०० रुपये केली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला मिळणारे २०० रुपये मात्र २००७ साली होते तेवढेच आहेत. सरकारी निवृत्तांची पेन्शन महागाईबरोबर वाढते, हिची नाही.

आणि ते पैसे हातात पडणंही सोपं नाही. चिरे वाहून, लावणी करून बोटं झिजलेली असतात. बँकेतल्या यंत्रावर अंगठा उठत नाही. ती हात पदराला पुसते, पुन्हा लावते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "आजी, उद्या या." पंचाहत्तरी झाली असेल तर एसटीचं तिकीट पडत नाही, पण दिवस गेलेला असतो. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा असतो, त्याचं सगळं करायला सून नोकरी सोडून बसलेली असते. त्या सुनेचे कष्ट कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत.

मत तिचंही एकच, पण मागे संघटना नाही, म्हणून अर्थसंकल्पात तिचा नंबर शेवटी लागतो. पुढे वृद्ध वाढतील, कर भरणारे हात कमी होतील, तेव्हा आहे त्या पैशासाठी ओढाताण होईल आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या पदरात जास्त पडेल. राजकारणाचा हा कल मला अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलायला तुमच्यासारखी शिकलेली माणसं हवीत.

तुमच्यातले कोणी तहसील कार्यालयात असतील, कोणी बँकेत. तिथे अंगठा उठला नाही तर दुसरी सोय करा, माणूस परत पाठवू नका. उमेदवार दारात आला की त्या २०० रुपयांचं विचारा. आणि गणपतीला गावी येता, तसे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेलाही या. कोणाचा हयातीचा दाखला अडलाय, कोणाचे पैसे थकलेत, याची यादी सभेत मोठ्याने वाचून घ्या.