एका टाकीतलं पाणी



बीदर-कलबुर्गीकडच्या आपल्या नळफिटरांची सभा शहरात न भरवता निर्णा गावात भरवलीत आणि अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. मी आज एकच विषय घेतला आहे. पाइपात, टोटीत, गिझरमध्ये धरणारा पांढरा थर. आपल्याला येणाऱ्या फोनांतले कितीतरी शेवटी तिथंच येऊन थांबतात. धार बारीक झाली, शॉवर बंद पडला, बॉलकॉक अडकून टाकी वाहतेय, कॉइल पुन्हा जळाली.

हा थर येतो आपल्या पायाखालच्या खडकातून. 1956 साली अहमदपूर, उदगीर, निलंगा हे जुन्या बीदर जिल्ह्याचे तालुके पलीकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला, गेले आणि आपण इकडे, आजच्या कर्नाटकात, राहिलो. पण खालचा काळा पाषाण दोन्हीकडे तोच आहे. त्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि खडकातला चुना विरघळवत खाली जातं. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे याच व्यवहाराचे. दक्षिणेला शहाबाद, वाडी, सेडमकडे गेलं, की खडकच चुन्याचा. तिथल्या फरशीवर गावं उभी राहिली आणि सिमेंटचे कारखाने चालले. त्या पट्ट्यातल्या पाण्यात चुना नसता तरच नवल.

आणि बीदरचं पठार पाहा. वर लाल जांभा, खाली काळा पाषाण. जांभ्यातला चुना लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन गेलेला, म्हणून त्यातून झिरपणारं पाणी मऊ. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, नौबादची करेज खोदली गेली. जमिनीखालच्या त्या बोगद्यातून जांभ्यातलं पाणी नुसत्या उतारानं वाहत आणलं. त्या कारागिरांना रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कुठल्या थरातलं पाणी घ्यायचं, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे शहाणपण आपल्या गावांतही होतं. कुठल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते, कुठल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कुठलं पाणी फक्त गुरांना, हे घरातल्या बायका सांगायच्या आणि त्याप्रमाणे घागरी वेगळ्या भरायच्या. त्या घागरींचे कष्ट मला परत आणायचे नाहीत. पण बोअर आली, गच्चीवर टाकी बसली आणि आपण फिटरांनी त्या एका टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर, गिझर, संडास, परसबाग सगळ्यांना एकच लाइन दिली. पाण्याची निवड बंद झाली. आज आपण जो थर खरवडतो, त्याचं मोठं कारण या फिटिंगमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे.

थर धरतो कसा, ते थोडं बघू. चुना पाण्यात बायकार्बोनेट होऊन विरघळलेला असतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या चुन्याचं उलट आहे. पाणी तापलं, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना घट्ट होऊन जवळच्या सर्वांत गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर, बसतो. लिटरमागे 300 मिलिग्रॅम असा चुना असलेलं 100 लिटर पाणी घरात रोज तापत असेल, तर दिवसाला 30 ग्रॅम, वर्षाला जवळपास 11 किलो चुना त्या गिझरमधून जातो. त्याचा दहावा भाग जरी आत राहिला, तरी किलोभर झाला. थंड लाइनीत वेग कमी, पण अर्ध्या इंची जीआय पाइपात चहूबाजूंनी दोन मिलिमीटर थर धरला, तर वाट जवळपास निम्म्यावर येते; त्यात गंज मिसळला की आणखी कमी.

म्हणून गिझरचा थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा. साठच्या पुढे थर झपाट्यानं धरतो आणि तेवढं कढत पाणी अंघोळीला कुणाला लागतही नाही. जड पाण्याच्या घरात तांब्याच्या नळ्यांचा सोलर बसवू नका, त्या बारीक नळ्या तुंबतात. काचेच्या नळ्यांचा त्या मानानं टिकतो, तोही वर्षातून एकदा धुवावा लागतो. आणि हात जोडून एक सांगतो. गिझर उघडाल तेव्हा सेफ्टी वॉल्व्ह आधी पाहा. कॉइल जळाली तर खर्च होतो. पण चुन्यानं वॉल्व्ह जाम झाला आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर ती बंद टाकी फुटू शकते आणि न्हाणीघरात त्या वेळी कुणाचं तरी लेकरू असतं. मॅग्नेशियमचा रॉडही त्याच वेळी बघून घ्या.

अ‍ॅसिडविषयी मला कडक बोलायचं आहे. संडास धुण्याचं अ‍ॅसिड जीआय पाइपात ओतलं, की ते चुन्याबरोबर आधी जस्त आणि मग लोखंड खातं. धार सुटते, गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढं आटे गळू लागतात. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या टाकीत ते पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद जागेत तो माणूस मारू शकतो. टोटीची जाळी, शॉवर, कॉइल यांना लिंबूफूल पुरतं. दोन लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम, भाग सुटा करून दोन तास बुडवायचा, मग ब्रश. किलोभर चुना विरघळवायला मात्र सव्वा किलोहून जास्त लिंबूफूल लागतं. म्हणून जाड पापुद्रे आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकणाला हात नको.

आता सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र. आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे सुंदर खनिज स्फटिक सापडतात. ते पाण्यातलं कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी याच गुणाचा कृत्रिम पदार्थ बनवून पाणी मऊ करायची रीत रुळवली. आजच्या यंत्रातलं रेझिन त्याच तत्त्वावर चालतं. यंत्र चांगलं आहे, पण ते विकताना पूर्ण खरं सांगा. लिटरमागे 100 मिलिग्रॅम जडपणा काढला, की 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. रक्तदाब असलेल्यांच्या घरी पिण्याचा नळ त्यातून वगळा. फ्लोराइड आणि नायट्रेट या यंत्रानं सुटत नाहीत. आणि मीठ घालून रेझिन धुतल्यावर निघणारं पाणी परसात किंवा रानात कधीही सोडू नका. काळ्या जमिनीत सोडियम गेलं, की ती चोपण होते. चोपण झालेलं रान नीट करायला जिप्सम आणि वर्षं लागतात. ज्या शेतकऱ्याच्या घरी आपण सोय करायला गेलो, त्याचंच रान आपल्या हातून बिघडावं, हे मला सहन होणार नाही.

पिण्यासाठी जड पाण्याची भीती घालू नका. भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणाला आरोग्यासाठी वेगळी मर्यादाच घातलेली नाही. लोकांना किडनीची भीती दाखवून आरओ विकला जातो. तो सरसकट लागत नाही आणि बरंचसं पाणी गटारात घालवतो. फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या किंवा नायट्रेट 45 च्या वर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं आरओ लागतो, आणि तेव्हा तो घ्याच म्हणून सांगा.

माझं मागणं नव्या घरांच्या फिटिंगबद्दल आहे. नकाशावर पहिल्या दिवशी दोन लाइनी काढा. बोअरची लाइन संडासाला, धुण्याच्या दगडाला, झाडांना. दुसऱ्या छोट्या टाकीतून स्वयंपाकघर आणि गिझर. त्या टाकीत पावसाचं, योजनेच्या नळाचं किंवा मऊ केलेलं पाणी. 50 चौरस मीटरच्या छतावर 800 मिलिमीटर पाऊस पडला, तर 40 हजार लिटर होतात. गळती, वाफ आणि पहिल्या सरीचं सोडून दिलेलं पाणी वजा केलं तरी 30 हजार. सगळं साठवायला जागा कुणाकडे नाही, हे मला कळतं. पण पाच हजार लिटरची टाकीही पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरते, आणि निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं मिसळलं की जडपणा निम्म्यावर येतो. नुसतं पावसाचं पाणी जीआय पाइपात सोडू नका, ते लोखंड खातं. त्या लाइनीला सीपीव्हीसी घाला. पाइपाचा, कामाचा थोडा खर्च वाढेल. दोन कॉइलींच्या पैशांशी तो ताडून घरमालकाला दाखवा.

त्यासाठी आधी पाणी मोजावं लागेल. थेंब टाकून रंग बदलणारी जडपणाची किट स्वस्त मिळते. ती पान्याच्या पेटीत ठेवा. ज्या घरी जाल, तिथल्या पाण्याचा आकडा, बोअरची खोली आणि तारीख वहीत लिहा, कन्नडमध्ये, मराठीत, दख्खनीत, जशी जमेल तशी. एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. निर्णा, मन्नाएखेळी, चिटगुप्पा, हुमनाबाद, चिंचोळी इथल्या वह्या एकत्र आल्या, तर कुठल्या वस्तीत कुठलं पाणी आहे, हे आपण ग्रामपंचायतीसमोर मांडू शकू. सुरुवात आज इथूनच करू. सभेनंतर मंडपाबाहेरच्या नळाचं आणि शेजारच्या बोअरचं पाणी मी तपासून दाखवणार आहे. ज्यांना किट वापरायला शिकायचंय, त्यांनी थांबावं.