रेणूंच्या लिपीतला इतिहास आणि आपली मुले

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते रेण्वीय जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



व्याख्यान सुरू होण्यापूर्वी एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "सर, मुलगी बारावीला आहे. हुशार आहे. मन लावले तर वैद्यकीयला सहज जाईल. पण ती म्हणते, मला डॉक्टर व्हायचे नाही, मला उत्क्रांतीचा आणि जनुकांचा अभ्यास करायचा आहे. आता तुम्हीच सांगा, हे करून पोट भरते का? आणि भरले तरी त्याचा समाजाला उपयोग काय?" प्रश्न दोन होते आणि दोन्ही प्रामाणिक होते. आजचे माझे सारे बोलणे म्हणजे या दोन प्रश्नांचे उत्तर आहे. उपयोगाचे आधी सांगतो, पोटाचे नंतर.

शेतात घडलेली उत्क्रांती

उत्क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माकडापासून माणसापर्यंतचे ते ठरावीक चित्र येते. लक्षावधी वर्षांपूर्वीची ती गोष्ट, तिचे आपल्याला काय, असे वाटते. परंतु उत्क्रांती आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात, आपल्या डोळ्यांदेखत घडून गेली आहे. तिचे नाव गुलाबी बोंडअळी.

आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचे जनुक कापसाच्या रोपात घातले, की त्या रोपात असे एक प्रथिन तयार होते, जे बोंडअळीच्या आतड्यातील पेशींना चिकटून तिला मारते. पहिली काही वर्षे उत्तम गेली. पण कोट्यवधी अळ्यांमध्ये काही मोजक्या अळ्या अशा असतात, की ज्यांच्या आतड्यातील संबंधित प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो आणि विष चिकटायला जागाच मिळत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात, आणि पुढची पिढी यांचीच होते. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार दिसू लागला. दोन प्रथिनांचे नवे वाण २००६ पासून बाजारात होते. पुढे अळीने त्यावरही मात केली. २०१७ साली आपल्या कापूस उत्पादकांचे किती हाल झाले, ते येथील ग्रामीण भागातील मंडळींना सांगायला नको.

हे टाळता आले असते का? उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी उपाय आधीच सांगून ठेवला होता. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाचे एक छोटे पाकीट मिळे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे तेथे साध्या अळ्या जगतात, प्रतिकारक अळ्यांच्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. आपल्याकडे ते पाकीट बहुतांशी बांधावर पडून राहिले. शेतकऱ्याला मी दोष देत नाही; ज्याची शेतीच दोन-चार एकरांची, त्याला अळीसाठी पिकाचा भाग सोडा असे सांगताना त्यामागचे कारण कुणी समजावून दिले होते? अमेरिकेत अशी आश्रयाची पेरणी काटेकोरपणे झाली, जोडीला वंध्य पतंग सोडण्यात आले, आणि २०१८ साली तेथे या किडीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. अळी तीच आणि जनुकही तेच. फरक पडला तो विज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोहोचण्यात. समाजाला उपयोग काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

एका प्रथिनाची दोन टोके

आता रेणूंकडे वळू. उत्क्रांतीचा पुरावा पूर्वी जीवाश्मांत आणि हाडांत शोधत असत. आज तो रेणूंत वाचता येतो. ही लिपी वाचण्याचा मार्ग ज्या प्रथिनामुळे प्रशस्त झाला, त्याच्याशी एका मराठी विदुषीचे नाव जोडलेले आहे, याची आपल्यापैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. रामन यांच्याविषयीचा आपला आदर यत्किंचितही कमी न होऊ देता हे सांगितले पाहिजे, कारण थोर माणसांच्याही चुका असतात आणि त्या लपविल्याने कुणाचेच भले होत नाही. कमलाताई मागे हटल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतली. पहिले वर्ष काम पाहू, मगच निर्णय घेऊ, अशा अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेची दारे मुलींना उघडली.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे 'सायटोक्रोम सी' नावाचे एक प्रथिन असते. बटाट्यावर काम करताना त्यांनी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखवून दिले. अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध, आणि १९३९ साली पीएच.डी. विज्ञान शाखेत ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

आता या कथेचे दुसरे टोक पाहा. बटाट्यात, गव्हात, यीस्टमध्ये, घोड्यात, माणसात, सर्वांत हे प्रथिन आहे. मग त्याची रचना ताडून का पाहू नये? माणसाचे सायटोक्रोम सी १०४ अमिनो आम्लांची एक माळ आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या माळेत एकाही मण्याचा फरक नाही. ऱ्हीसस माकडाशी एका मण्याचा फरक आहे, घोड्याशी बारा मण्यांचा. आणि गव्हाशी ताडून पाहिले, तरी निम्म्याहून अधिक मणी तेच! १९६७ साली वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश या शास्त्रज्ञांनी वीस सजीवांच्या या माळा तुलनेला घेतल्या आणि केवळ त्यातील फरक मोजून सजीवांचा वंशवृक्ष काढला. हाडांवरून आणि जीवाश्मांवरून पूर्वी काढलेल्या वृक्षाशी तो बव्हंशी जुळला. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकमेकांना न भेटता एकच हकीकत सांगावी, तसे हे झाले. न्यायालयात याहून भक्कम पुरावा कोणता?

१९३९ साली बटाट्याच्या पेशींत हे प्रथिन शोधणाऱ्या तरुणीला आपल्या विषयाचा धागा कोठे जाऊन मिळणार आहे, हे ठाऊक नव्हते. मूलभूत संशोधनाचे हे स्वरूपच आहे. कमलाताई मात्र भारतात परतल्या. त्यांनी कडधान्यांवर काम केले, नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. केंब्रिजची पदवी आणि गरिबांच्या आहाराचा विचार, या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही.

आपल्या रक्तात लिहिलेले

तिसरे उदाहरण मुंबईचेच. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक विलक्षण रक्तगट जगापुढे मांडला. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' वाटते. पण 'ओ' गटाचे रक्त दिले तर रुग्ण दगावू शकतो. त्याला केवळ त्याच गटाचे रक्त चालते. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. भारतात ढोबळमानाने दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. पुढे १९९०च्या दशकात त्यामागचा जनुकातील बदल रेणूच्या पातळीवर उलगडला. हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच गट प्रकट होतो.

मग आपल्याकडेच तो अधिक का? याचे उत्तर आपल्या विवाहपद्धतीत आहे. लहान समूहात पिढ्यान् पिढ्या आपसांतच विवाह होत राहिले, की एखाद्या पूर्वजाकडे असलेला दुर्मीळ बदल दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने, म्हणजे सीसीएमबीने, परदेशी संशोधकांसह २०१७ साली दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ८१ समूहांत हा परिणाम युरोपातील फिन लोकांपेक्षाही तीव्र आढळला. आणि या ८१ पैकी चौदा समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे! याचा अर्थ, आनुवंशिक आजारांच्या चाचण्या आणि उपचार आपल्याला आपल्याच समूहांच्या अभ्यासातून उभे करावे लागतील. युरोपीय लोकांच्या जनुकांवर बेतलेली माहिती येथे अपुरी पडते. हे काम आपली मुले करणार नाहीत, तर कोण करणार? जाती-पोटजातींच्या भिंती ओलांडण्याचा विचार आपण समरसतेच्या भूमिकेतून मांडत आलो. जीवशास्त्राने त्याला आरोग्याचे आणखी एक कारण दिले आहे.

उपमा आणि प्रमाण

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे मला आवश्यक वाटते. असे व्याख्यान झाले, की कुणी तरी उठून म्हणते, "सर, मत्स्य, कूर्म, वराह... आमच्या दशावतारात हे सारे आधीच आहे." दशावतार मलाही प्रिय आहे. ती उपमा सुंदर आहे. परंतु उपमेने बोंडअळी आटोक्यात येत नाही आणि रुग्णाला रक्त मिळत नाही. आपल्याच न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी प्रमाणे वेगवेगळी मांडली, ती उगाच नव्हे. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांची चिकित्सक वृत्ती पुढे नेण्यात बाळगावा. शोध लागल्यावर 'हे आम्हाला ठाऊक होते' असे म्हणण्यात नव्हे. राष्ट्रीय पातळीवरील दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. आपल्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. शाळेत काही राहिले असेल, तर पालकांनी तो पाठ मुलांसमवेत घरी वाचावा.

वाट आणि वाटखर्च

आता पोटाचा प्रश्न. बारावीनंतर आयसर संस्थांचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. पुणे आणि कोलकाता येथील आयसर २००६ साली सुरू झाल्या. आज देशात अशा सात संस्था आहेत. त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्रासाठी 'नेस्ट' ही परीक्षा आहे. साध्या महाविद्यालयातून बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही पुढे जाता येते. मी स्वतः तसाच गेलो. पीएच.डी.साठी बंगळूरला एनसीबीएस, भारतीय विज्ञान संस्था आणि जवाहरलाल नेहरू केंद्र, हैदराबादला सीसीएमबी, मुंबईला टीआयएफआर, पुण्यात आयसर, एनसीसीएस आणि आघारकर संस्था अशी ठिकाणे आहेत. राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. म्हणजे पीएच.डी.च्या काळात मूल घरावर भार होऊन राहत नाही.

एक सूचना विद्यार्थ्यांना. गणिताला कंटाळून जीवशास्त्राकडे येऊ नका. आजचा जीवशास्त्रज्ञ अर्धा वेळ संगणकासमोर बसून जनुकक्रम वाचतो. संख्याशास्त्र आणि थोडी संगणकाची भाषा आली पाहिजे. ज्याला हे येते, त्याला संशोधन संस्थेबाहेरही लस-निर्मिती, बियाणे, रोगनिदान, जनुकीय समुपदेशन अशी कामे आहेत.

आणि आता कडू भाग, कारण तो लपविणे ही फसवणूक होईल. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर बहुतेकांना काही वर्षे पुढील संशोधन करावे लागते. कायमची नेमणूक मिळेपर्यंत पस्तिशी उलटते. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. पाठ्यवृत्तीचे पैसेही कधी कधी महिनोन्महिने रखडतात. आणि अपयश तर पाचवीला पुजलेले. माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत वीज गेली, अतिशीत कपाट बंद पडले आणि आठ महिन्यांचे नमुने वाया गेले. मी घरी आलो आणि वडिलांना म्हणालो, मी हे सोडतो. वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांना माझ्या विषयातले काही कळत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "पीक गेले म्हणून शेतकरी शेत विकत नाही. पुन्हा पेर." मी पुन्हा पेरले.

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: आपली मुलगी श्रीमंत होणार नाही, पण उपाशीही राहणार नाही. तिला दहा वर्षे लागतील. त्या दहा वर्षांत शेजारचा मुलगा गाडी घेईल, बहिणीचे लग्न होईल आणि नातेवाईक विचारतील, "अजून शिकतेच आहे का?" त्या वेळी आपण काय उत्तर देता, त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. १९३३ साली कमलाताईंसमोर एका संस्थेचे दार बंद झाले, तेव्हा घरचे दार उघडे होते. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. आज संस्थांची दारे उघडी आहेत. घरचे दार बंद होऊ नये, एवढीच माझी आपणा सर्वांना विनंती आहे.