चित्राखालचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी या व्यासपीठावर एखादा नामवंत साहित्यिक शोभून दिसला असता. आम्ही साहित्यिक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिण्यापलीकडे आमच्या लेखणीने कोणताही पराक्रम केलेला नाही. तथापि, ‘आपल्या आवडत्या कलावंताविषयी बोला’ असा चिटणिसांचा आग्रह पडला. पुष्कळ थोर नावे मनात येऊन गेली. प्रामाणिकपणे विचार करता असे आढळले की, ज्याच्या कलेने आमच्या मनाला प्रथम वळण लावले तो कलावंत संगीतातला नाही, रंगभूमीवरचाही नाही. तो चित्रकथांचा चित्रकार आहे. त्यांचे नाव राम वाईरकर. हे नाव आम्हांस कसे सापडले, आणि सापडल्यावर आमच्या हातून काय राहून गेले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचे बालपण खरगपूरला गेले. वडील रेल्वेत नोकरीस होते. शेजारी बंगाली, तेलुगू, बिहारी अशी सर्व प्रकारची कुटुंबे होती. शाळेत हिंदी व इंग्रजी, खेळताना बंगाली आणि घरात मराठी असा आमचा भाषाव्यवहार असे. त्यातली मराठी सर्वांत दुबळी. १९७९ च्या उन्हाळ्यात आजोळी निघालो असताना आमची भुणभुण थांबावी म्हणून वडिलांनी फलाटावरील स्टॉलवरून एक पुस्तक घेऊन दिले. ते ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील ‘कृष्ण’ होते. ‘चित्रांची पुस्तके वाचून मुले आळशी होतात,’ असे वडिलांचे ठाम मत होते. परंतु छत्तीस तासांच्या प्रवासापुढे त्यांच्या मताने माघार घेतली.

पुस्तक इंग्रजीत होते व आमचे इंग्रजी यथातथाच. तेव्हा आईने एक युक्ती केली. चित्रावर बोट ठेवून ती आपल्या मराठीत गोष्ट सांगू लागली. पूतना आली, कालिया आला, गोवर्धन उचलला गेला. नागपूर येईपर्यंत ती गोष्ट तिला तीन वेळा सांगावी लागली. चौथ्या वेळी तिने पुस्तक आमच्या हाती देऊन म्हटले, ‘आता तू सांग.’ आम्ही मराठीत सलग अशी जी पहिली गोष्ट सांगितली ती वाईरकरांच्या चित्रांच्या आधाराने, हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. पुस्तकाला चित्रकार असतो हीच कल्पना नव्हती. चित्रे पुस्तकातच उगवतात अशी आमची समजूत असावी.

या मालिकेचा इतिहास आपणांपैकी अनेकांस परिचित असेल. तिचे जनक अनंत पै हे मूळचे कारकळचे. १९६७ मध्ये दिल्लीच्या दूरदर्शनवर मुलांची एक प्रश्नमंजूषा त्यांच्या पाहण्यात आली. त्या मुलांना ग्रीक पुराणांतले देव ठाऊक होते, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना. त्यातून या मालिकेचा संकल्प झाला, आणि मुंबईच्या इंडिया बुक हाउसने ती प्रकाशित केली. आरंभीची दहा पुस्तके परदेशी परीकथांची असल्याने ‘कृष्ण’ हा अकरावा क्रमांक ठरला. परंतु भारतीय कथांचा ओघ सुरू झाला तो तेथूनच. त्या पुस्तकाची चित्रे वाईरकरांची होती. पुढे येणाऱ्या शेकडो पुस्तकांतील देव, राजे व राक्षस कसे दिसावेत याचा पहिला विचार ज्यांनी केला, त्यांत त्यांची गणना करावी लागेल.

आता त्या शोधाची हकीकत सांगतो. १९८० च्या नोव्हेंबरात पै यांनी मुलांसाठी ‘टिंकल’ हे नियतकालिक सुरू केले. १९८३ मध्ये त्यात सुपंडी अवतरला. विचित्र आकाराचे डोके, त्यावर चार केस, अंगाने काटकुळा असा हा नोकर. मालकाने सांगितलेला प्रत्येक शब्द तो जसाच्या तसा अमलात आणतो आणि त्यामुळे प्रत्येक काम बिघडवितो. सरकारी नोकरीत शिरल्यावर आम्हांस सुपंडीची वारंवार आठवण झाली, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो. तापाने अंथरुणावर पडलो असताना ‘टिंकल’चा अंक शेवटपर्यंत वाचून झाला, आणि वाचण्यासारखे काही उरले नाही म्हणून गोष्टीच्या आरंभी बारीक अक्षरांत छापलेली नावेही वाचली. तेथे राम वाईरकर हे नाव होते. हे नाव कोठेतरी पाहिले आहे असे वाटत राहिले. सायंकाळी उठून, शिवण उसवलेले ते जुने ‘कृष्ण’ आम्ही ट्रंकेतून काढले. पहिल्याच पानावर तेच नाव!

दोन्ही पुस्तके उशाशी ठेवून आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. एकीकडे तो शांत, सुंदर कृष्ण आणि दुसरीकडे हा ओबडधोबड सुपंडी. हे दोन्ही एकाच माणसाचे हात कसे असतील? मग आम्ही निरखू लागलो. कृष्णाच्या चेहऱ्यावरील खोडकरपणा आणि सुपंडीच्या चेहऱ्यावरील निरागसता फार थोड्या रेषांत साधलेली होती. पूतनेचा अक्राळविक्राळपणा आणि सुपंडीच्या मालकाचा संताप यांत भुवयांचे नाते होते. त्या रात्री आम्ही आयुष्यात प्रथमच चित्र ‘वाचले’. तोवर गोष्टीचा शेवट गाठण्यासाठी पाने उलटत होतो.

चित्रकथेचे काम दिसते तितके सोपे नाही. बत्तीस पानांत एक संपूर्ण चरित्र बसवावयाचे असते. कोणता क्षण चौकटीत घ्यावा व कोणता दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत सोडून द्यावा, हे ठरविण्यात निम्मे कौशल्य आहे. संवादाच्या फुग्यासाठी आधीच जागा राखावी लागते, नाहीतर तो राजाच्या मुकुटावर येऊन बसतो. पहिल्या पानावरचा माणूस तिसाव्या पानावर, पाठमोरा असला तरी, ओळखू आला पाहिजे. एवढे सर्व करून वाचकाला चित्रकाराची आठवणही होता कामा नये. झाली तर गोष्ट अडखळली असे समजावे.

नाव सापडल्यावर आम्ही ते आईला दाखविले. ती हरखून म्हणाली, ‘अरे, हे तर आपल्याकडचे!’ मग आम्हांस नावे शोधण्याचा छंदच जडला. प्रताप मुळीक सापडले, दिलीप कदम सापडले. कालिया कावळ्याचे प्रदीप साठे आणि शिकारी शंभूचे वसंत हळबे सापडले. परमुलखात वाढणाऱ्या मुलाला या आडनावांनी केवढा धीर दिला असेल, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. आम्ही ऐटीत ही यादी शेजारच्या बंगाली मित्रापुढे ठेवली. त्याने ती लक्षपूर्वक पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘मग सुपंडी माझा नाही का?’

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. आज देता येते. सुपंडीची मूळ गोष्ट तामिळनाडूतील एका वाचकाने पाठविलेली होती. संपादक कारकळचे, चित्रकार मराठी, छपाईची भाषा इंग्रजी आणि वाचणारे आम्ही दोघे खरगपूरला, एकाच अंकावर डोकी टेकवून. वाईरकर आपले आहेत याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ते आपल्यापुरते नाहीत, यात त्यांचा खरा मोठेपणा आहे.

आता राहून गेलेल्या गोष्टीविषयी. त्याच वर्षी आम्ही वाईरकरांना एक पत्र लिहिले. सोबत आम्ही काढलेला सुपंडी होता. वडिलांनी पत्र वाचून इंग्रजीतल्या सात चुका दाखविल्या आणि म्हणाले, ‘परीक्षा होऊ दे, मग नीट लिहून पाठव.’ त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा झाली, दुसरी आली, बदल्या झाल्या, नोकरी लागली. पत्र ट्रंकेत राहिले. २००३ मध्ये वाईरकर निवर्तले. ही बातमीसुद्धा आम्हांस उशिरा, आमच्या मुलीने आणलेल्या अंकांविषयी बोलणे निघाले तेव्हा कळली. त्यांच्या पश्चात त्यांच्या कन्येने सुपंडी रेखाटला, हे ऐकून समाधान वाटले. पण आमच्या पत्राला पत्ता उरला नव्हता. सात चुकांचे ते पत्र वेळेवर गेले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एकच विनंती. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात अध्यक्षांची व देणगीदारांची नावे व्यवस्थित नोंदलेली आहेत. परंतु गणपतीची आरास कोणी केली, नाटकाचा पडदा कोणी रंगविला, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ कोणी काढले, यांची नावे आम्हांस त्यात आढळली नाहीत. त्यांपैकी काही जण आज याच सभागृहात बसलेले आहेत. त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि पुढच्या पानावर, बारीक अक्षरांत का होईना, छापावीत. एखादे आजारी मूल कधीतरी ती वाचेल.

आणि ज्यांना कोणाला पत्र लिहावयाचे असेल त्यांनी ते आज रात्रीच लिहावे. चुकांची फिकीर करू नये.