यंत्राची मायबोली



कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिका उभी राहते. वस्तुतः मुंबईच्या उपनगरांना हा विषय नवा नाही. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात १९८०च्या दशकातच ज्ञानाधारित संगणकप्रणालींवर संशोधन चालू होते. इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणारी ‘मात्रा’ ही प्रणाली तेथेच घडली. पुढे ते केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले. आता पवईच्या आयआयटीच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या साहाय्याने, भारतीय भाषांसाठी ‘भारतजेन’ हा प्रकल्प २०२४ पासून आकार घेत आहे.

परंतु यंत्र स्वदेशी झाले म्हणून त्याची भाषा आपोआप स्वदेशी होत नाही. ही यंत्रे माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधतात. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख; महाजालावर मराठी मजकूर मात्र इंग्रजीच्या तुलनेत नगण्य. त्यात इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडविलेली यंत्रे देवनागरी शब्दाचे अधिक तुकडे पाडतात आणि व्यावसायिक वापराचे मोल बहुधा या तुकड्यांवर आकारले जाते. स्वभाषेत लिहिणाऱ्यावर बसलेला हा अदृश्य करच होय!

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द प्रारंभी हसण्यावारी नेले गेले. ते रुजले, कारण लोकांनी ते लिहिले, छापले, पाट्यांवर रंगविले.

आज अंधेरीच्या सीप्झमधील तरुणाला नोकरीची चिंता आहे, आणि ती रास्तच आहे. घराघरांत घडणारा बदल मात्र कोणाच्या फारसा लक्षातही येत नाही. बोरिवली-मुलुंडच्या मराठी घरातील नातू चैत्रगौरीविषयी आजीला विचारत नाही. भ्रमणध्वनीला विचारतो, तेही इंग्रजीत. यंत्र बेधडक उत्तर देते, प्रसंगी चुकीचेही. आजीचे उत्तर कोठे लिहिलेलेच नसते.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. असे जुने मराठी ग्रंथ विकिस्रोतावर स्वयंसेवक पानापानाने टंकित करीत आहेत. उपनगरांतील निवृत्त शिक्षकांना मुद्रितशोधनाचे हे काम घरबसल्या करता येईल. आजीच्या चैत्रगौरीसाठी मात्र नातवालाच वही घेऊन बसावे लागेल.