मी उसनं घेतलंच कुठे? रस्टची एक एरर आणि तिचे दोन अर्थ

(या भागाचं लिखित रूप. कोड जसा बोलून दाखवला, तसाच इथे उतरवला आहे.)

आजचा भाग एका स्क्रीनशॉटवरून सुचला. तळोद्याकडच्या एका श्रोत्याने रात्री साडेअकराला पाठवला. खाली एकच ओळ होती, "दादा, मी उसनं काहीच घेतलं नाही, मग हा असा का म्हणतोय? मला हे जमणार नाही वाटतं."

पहिलं वाक्य वाचून हसू आलं. दुसरं वाचून मात्र मी थांबलो. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि कंपायलर ओरडतो इंग्रजीत. मग पोराला वाटतं, चूक माझ्यातच आहे. तर आज आपण ती एरर नीट उघडून बघू.

त्याचा प्रोग्राम साधा होता. नंदुरबारच्या बाजारातले मिरचीचे भाव एका यादीत साठवायचे. व्हेरिएबलचं नावही त्याने देवनागरीत "भाव" ठेवलेलं. हो, रस्टमध्ये हे चालतं, २०२१ च्या १.५३ व्हर्जनपासून. तर पहिली ओळ: लेट भाव बरोबर रिकामी यादी. दुसरी ओळ: भाव डॉट पुश, आणि आकडा. बस. त्यावर उत्तर आलं:

"कॅनॉट बॉरो भाव अ‍ॅज म्युटेबल, अ‍ॅज इट इज नॉट डिक्लेअर्ड अ‍ॅज म्युटेबल."

बॉरो म्हणजे उसनं घेणं. आता यात उसनं कोणी घेतलं? पुशने! यादीत काही टाकायचं तर पुशला ती यादी थोडा वेळ हातात घ्यावी लागते, तीही बदल करायच्या परवानगीसकट. तुम्ही फक्त टिंब दिलं, उसनवारी त्या टिंबामागे झाली. म्हणून पोरगा म्हणतो मी घेतलं नाही, कंपायलर म्हणतो घेतलं. दोघंही खरं बोलतायत.

बरं, हा पोरगा आधी जावास्क्रिप्ट शिकलेला. तिथे कॉन्स्ट लिहून केलेल्या यादीत पुश चालतं. कोटलिनमध्येही व्हॅल लिहिलं आणि यादी म्युटेबल असली, की तिच्यात भर टाकता येते. मग इथे का नाही?

यासाठी एक आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला कुठे दिलं गेलं? शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात! आता तुमचं आधार बघा. नंबर तोच राहतो, पण पत्ता बदलला तर अपडेट करता येतो. म्हणजे बाहेरचं कायम, आतलं बदलतं. जावास्क्रिप्टचं कॉन्स्ट असंच आहे. नाव दुसऱ्या यादीला लावता येत नाही, पण यादीच्या आत काहीही करा. रस्टचं साधं लेट जास्त कडक. नावही गोठलं आणि त्या नावाच्या मालकीची यादीही गोठली. बदलायचं असेल तर आधीच सांगा: लेट म्युट भाव. एररच्या खाली हेल्प म्हणून हेच लिहिलेलं असतं.

आमच्या भाऊने म्युट लावलं, प्रोग्राम चालला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरी गंमत पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने भाव भरायचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलं. फंक्शनला यादी दिली ती अँपरसँड लावून, म्हणजे रेफरन्सने. फंक्शनच्या आत त्या रेफरन्सचं नाव "यादी". आत यादी डॉट पुश केलं आणि पुन्हा एरर. नंबरही तोच, ई०५९६. मग त्याने कालचंच औषध दिलं, यादी शब्दाच्या आधी म्युट. एरर गेली नाही. रात्री साडेअकराचा स्क्रीनशॉट हा होता.

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. सुरुवात सारखीच, "कॅनॉट बॉरो अमुक अ‍ॅज म्युटेबल". शेपूट वेगळं. पहिलीत होतं "नॉट डिक्लेअर्ड अ‍ॅज म्युटेबल". दुसरीत आहे "बिहाइंड अ अँपरसँड रेफरन्स". आणि यादीच्या आधी एक चांदणीही आली आहे, जी त्याने लिहिलीच नव्हती! त्या चांदणीचा अर्थ असा, की तक्रार यादी या नावाची नाही, ते नाव ज्याच्याकडे बोट दाखवतंय त्या मूळ वस्तूची आहे.

हे समजायला सातबारा घ्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. उतारा कोणीही बघू शकतो, ऑनलाइनसुद्धा. शंभर जण एकाच वेळी बघोत. पण त्यात बदल करायचा तर फेरफार लागतो. तलाठी नोंद धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. आणि फेरफारला इंग्रजीत काय म्हणतात माहितीये? म्युटेशन! तोच शब्द.

नुसता अँपरसँड म्हणजे उतारा बघायची परवानगी. अँपरसँड म्युट म्हणजे फेरफाराचा अधिकार. आणि नावाआधीचं म्युट? ते फक्त एवढंच म्हणतं, की मी हा गट नंबर सोडून दुसऱ्या गटाचा उतारा बघेन. बघा की, खुशाल बघा. पण लिहिता दोन्हींवर येणार नाही.

म्हणून दुरुस्ती तीन ठिकाणी हवी. एक, मूळ मालकाकडे: लेट म्युट भाव. दोन, फंक्शनच्या व्याख्येत: अँपरसँड म्युट. तीन, फंक्शनला हाक मारताना: अँपरसँड म्युट भाव. एकही सुटलं तरी कंपायलर अडवणार.

एवढी कटकट कशासाठी? समजा एक जण यादी वाचतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याने पुश केलं. यादीची जागा कमी पडली तर ती मेमरीत दुसरीकडे हलते. वाचणारा जुन्या, रिकाम्या जागेकडे बघत राहतो. सी प्लस प्लसमध्ये हा प्रोग्राम कंपाइल होऊ शकतो आणि नंतर कधीतरी कोसळतो. रस्टचा नियम असा: वाचणारे कितीही, पण लिहिणारा असेल तर तो एकटाच.

आता मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी. बरेच जण ब्राउझरमध्ये रस्ट प्लेग्राउंड वापरतात. फोन उभा धरला की एररची ओळ मोडते, खुणेचे बाण भलत्याच शब्दाखाली दिसतात आणि हेल्पची ओळ खाली राहून जाते. या भाऊचं तेच झालं. दुसऱ्या एररलाही बरोबर सल्ला खाली लिहिलेला होता, तो त्याला दिसलाच नाही. फोन आडवा करा, शेवटपर्यंत सरकवा. आणि दहा एरर आल्या तर सगळ्यात वरची आधी सोडवा, कधी कधी बाकीच्या आपोआप जातात.

दुसरी गोष्ट. म्युट हे मीठ नाही, सगळीकडे भुरभुरवायला. हेल्प सांगते की कंपायलर कशाने गप्प बसेल. तुमच्या मनात काय होतं ते त्याला माहीत नसतं. आधी स्वतःला विचारा, हे खरंच बदलायला हवं का? उगाच लावलेल्या म्युटवर रस्ट स्वतःच वॉर्निंग देतो, तीही वाचा.

आणि तळोद्याच्या भाऊ, तुझ्यासाठी. रस्ट बनवणारे लोक गोंधळात टाकणाऱ्या एररला कंपायलरमधली त्रुटी मानतात, ती नोंदवून घेतात आणि दुरुस्त करतात. २०१६ मध्ये त्यांनी एररची अख्खी मांडणी बदलली, कारण लोकांना ती वाचता येत नव्हती. म्हणजे वाक्य कळलं नाही तर दोष वाचणाऱ्याचाच असतो, असं ते स्वतःही म्हणत नाहीत. मग तू कशाला म्हणतोस?

आजचा गृहपाठ: चालणाऱ्या प्रोग्राममधला एक म्युट काढा आणि काय एरर येते ते मोठ्याने वाचा. शेपटासकट! कुठे अडलात तर स्क्रीनशॉट पाठवा, साडेअकराला पाठवला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. राम राम!