लिझ्यूच्या घरांतील शाळा



आजच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं देवळाविषयीं पुष्कळ बोललें गेलें. आम्ही आपणांपुढें एका घराविषयीं चार शब्द बोलणार आहों. संत तेरेजेची तसबीर आपल्यांपैकीं अनेकांच्या घरीं आहे. परंतु ही संत साडेआठ वर्षांची होईपर्यंत कोणत्याही शाळेंत गेली नव्हती, हें थोड्यांच्याच ध्यानांत असेल.

सन १८७७ च्या ऑगस्टांत तिची आई वारली. तेरेजा तेव्हां पुरतीं पांच वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तिचे वडील लुई मार्टिन यांनीं पांचही मुलींसह फ्रान्सांतील लिझ्यू गांवीं बिऱ्हाड केलें. अक्षर वळविण्याचें काम थोरली मारी हिनें घेतलें. बाकी सारें शिकविणें पोलीनकडे आलें. पोलीनचें वय सोळा!

तें शिकविणें म्हणजे लाड नव्हते. बापानें फिरावयास चल म्हटलें, तरी पोलीनची परवानगी नसल्यास पोर जात नसे. मग बापासच पोलीनकडे रदबदली करावी लागे. धर्मशिक्षण व पवित्र इतिहास तेरेजेस फार प्रिय. व्याकरण मात्र डोळ्यांस पाणी आणी. फ्रेंच भाषेंत निर्जीव वस्तूंसही लिंग असतें, आणि तेंच तिला साधेना. (मराठी शिकणाऱ्या परक्यास विचारा, म्हणजे हें दुःख कळेल.) घरांत बक्षीससमारंभही होई. विद्यार्थिनी एकच, तथापि न्यायांत तिळमात्र फरक पडत नसे, जेवढें कमावलें तेवढेंच पदरीं पडे. त्या वेळीं आपलें काळीज धडधडे, असें तिनें पुढें लिहून ठेविलें आहे. मूल एकच म्हणून परीक्षा खोटी केली असती, तर हा आनंद तिला कोठून लाभता?

दुपारीं बापाचा हात धरून ती फिरावयास निघे. वाटेंत रोज एका निराळ्या देवळांत पवित्र साक्रामेंताची भेट. कधीं एकदोन पैशांची एखादी वस्तू. घरीं आल्यावर धडे, मग बाग. तेथें सांपडलेल्या बिया व झाडांच्या साली पाण्यांत घालून ती काढा करी आणि सुंदरशा पेल्यांतून बापापुढें धरी. ते हातचें काम टाकून हंसत तो पिण्याचा बहाणा करीत. बाप मासे धरावयास जात तेव्हां तीही बरोबर असे. एकदां पोलीननें दिलेल्या शिदोरींतील पावावरच्या मुरंब्याचा रंग उडून तो फिका गुलाबी झाला, तेवढ्यानेंच तिचें मन उदास झालें. हिंवाळ्यांत सायंकाळीं पटावरचा डाव, मग वाचन, आणि बापाच्या मांडीवर बसून गाणें.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १८८१ मध्यें ती बेनेदिक्तिन भगिनींच्या शाळेंत गेली. घरच्या तयारीमुळें ती आपल्याहून मोठ्या मुलींच्या वर्गांत बसली. पण सोबतिणींबरोबर खेळणें तिला जमेना. तीं पांच वर्षें आयुष्यांतील सर्वांत दुःखाचीं, असें ती म्हणते. हा दोष सर्वस्वी घरच्या शाळेचा नव्हे. पोर आईवेगळी होती, आणि १८८२ च्या ऑक्टोबरांत पोलीनही कार्मेल मठांत गेली. तथापि आपल्या देशांतही आज कांहीं आईबाप मुलांस घरीं शिकवून मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवितात. त्यांनीं सायंकाळीं मुलांस आळींतल्या पोरांत धाडणें हा अभ्यासाचाच भाग समजावा, असें आम्हांस वाटतें.

१८८६ सालीं प्रकृतीमुळें तिची शाळा सुटली आणि ती एका बाईंकडे जाऊन शिकूं लागली. बाईंच्या जुन्या सामानानें भरलेल्या खोलींत पाहुण्यांची सदा वर्दळ. तेरेजेचें नाक पुस्तकांत, कान मात्र पाहुण्यांकडे! कोणी तिच्या रूपाची वाखाणणी केली कीं मनाला गुदगुल्या होत, हेंही तिनें लपविलेलें नाहीं.